गरम गाडीचे चौदा प्रश्न

चि. ईरा आणि चि. नील,

तुमच्या शाळेतून आलेल्या कागदावर 'आजी काय काम करत असे' या प्रश्नापुढे तुमच्या बाबाने 'गृहिणी' असं लिहिलं, हे मला फोनवर कळलं. ते चूक आहे. मी एकतीस वर्षं शिरूरला आपल्या गॅरेजमध्ये काम केलं. घर चालवलंच, पण ते सकाळी साडेनऊच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर. मधल्या वेळात मी गरम झालेल्या गाड्या बघत असे. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी कामाच्या आठवणी मागितल्या आहेत, तर त्या तुमच्यासाठीच लिहिते. तुमचा बाबा वाचून दाखवेल. त्याचीही माहिती त्यामुळे दुरुस्त होईल.

मी कधी पाना हातात धरला नाही. पुण्यात इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि लग्न होऊन शिरूरला आले. तुमच्या आबांच्या गॅरेजात गाड्यांची जाडजूड इंग्रजी पुस्तकं होती. ती पाय तुटलेल्या बाकड्याखाली लावलेली होती. मी बाकड्याला वीट लावली आणि पुस्तकं वाचायला घेतली. रशीदभाई आमचे मुख्य मिस्त्री. त्यांच्या वडिलांपासून ते घराणं शिरूरमध्ये याच कामात. ते इंजिनावर वाकलेले असायचे आणि मी शेजारी स्टुलावर बसून मराठीत सांगायचे, "आता उजवीकडचा बोल्ट आधी, मग डावीकडचा." रशीदभाई म्हणायचे, "वहिनी, ह्ये मला म्हायती हाय, पन तुम्ही वाचा. बरं वाटतं."

आधी गाडी गरम का होते ते सांगते. इंजिनात इंधन जळतं, त्याची उष्णता पाणी घेतं. ते पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये येऊन वाऱ्याने गार होतं आणि परत इंजिनात जातं. पाणी फिरवायला एक पंप असतो. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरायला थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. गाडी पळत असेल तर वारा आपोआप मिळतो. उभी असेल किंवा हळू चालत असेल तर पंखा वारा देतो. यातलं एक जरी बिघडलं तरी काटा वर चढतो आणि बॉनेटमधून वाफ येते. तुमच्याकडे परदेशात बर्फ पडतं, तिथे गाडीत कूलंट नावाचं द्रव घालतात ते पाणी गोठू नये म्हणून. आमच्याकडे कूलंट घालावं असं मी सांगायचे आणि लोक बोअरचं पाणी घालायचे. बोअरच्या पाण्यात क्षार फार. दोन-तीन वर्षांत रेडिएटरच्या आतल्या नळ्यांची अवस्था आपल्या जुन्या बंबासारखी व्हायची.

गॅरेजात माणूस आला की म्हणायचा, "गाडी गरम व्हतीया, बघा." आणि मिस्त्री लगेच काहीतरी खोलायला लागायचे. ते मला पटत नसे. डॉक्टरसुद्धा आधी विचारतात, मग कापतात. म्हणून मी चौदा प्रश्न तयार केले आणि छापखान्यातून त्यांचे कागद छापून आणले. गाडी चढावर गरम होते की सपाटीला? पळताना की उभी असताना? पाणी कमी होतं का? कोणतं घालता? ओझं काय होतं? नववा प्रश्न होता, एसी चालू होता का? कागद पुरा भरल्याशिवाय बॉनेट उघडायचं नाही, असा नियम मी केला. आबा म्हणाले, "गिऱ्हाईक पळून जाईल." दोन-तीन गेलेही. बाकीचे सरावले.

प्रश्न विचारून बरंच कळतं. निमोण्याचे एकजण दर आठवड्याला कांदा विकायला गाडीतून नेत. मागे मावला नाही की पुढच्या सीटवर, आणि उरलेल्या चार गोण्या बॉनेटच्या पुढे लोखंडी चौकट करून तिच्यावर. त्यांचं म्हणणं, इंजिनात दोष आहे. रेडिएटरच्या बारीक पात्यांत कांद्याचे पापुद्रे इतके घट्ट बसले होते की रशीदभाईंनी ते चिमट्याने काढले. वास चार दिवस राहिला.

खुटबावचे एक उमेदवार आले. त्यांची नवी गाडी प्रचार सुरू झाल्यापासून गरम होत होती. त्याआधी कधीच नाही. मी प्रश्न विचारत गाडीभोवती फिरले. पुढच्या जाळीवर त्यांचा स्वतःचा फ्लेक्स ताणून बांधला होता, हात जोडलेला. वारा जायला जागाच नव्हती.

"तुमचा चेहरा काढावा लागेल," मी म्हटलं.

ते म्हणाले, "मॅडम, चेहऱ्यावरच तर समदं चाललंय."

शेवटी चेहरा टपावर गेला. कागदावर 'दोष' या रकान्यात मी 'उमेदवार' असं लिहिलं. ते निवडून आले की नाही ते आठवत नाही. गाडी मात्र नंतर गरम झाली नाही.

अशी प्रकरणं सुटत गेली की माणसाला वाटायला लागतं, आपले प्रश्न पुरेसे आहेत. मलाही वाटायला लागलं होतं. आता सांगते ते प्रकरण त्यानंतरचं.

न्हावऱ्याचे भालेराव अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त झाले होते. एवढ्या वर्षांत एकही अपघात नाही. त्यांच्याकडे एक जुनी पांढरी गाडी होती. त्यांच्या पत्नीची, कांताबाईंची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी अण्णा त्यांना दौंडला डायलिसिसला न्यायचे. चार तास मशीनवर, मग परत. गाडी त्याच्यासाठीच घेतलेली. आणि ती गाडी गरम व्हायला लागली होती. जाताना नाही, येताना. भीमेचा पूल ओलांडून अलीकडे आलं की काटा वर.

अण्णा आले की प्रश्नांची उत्तरं खाडखाड द्यायचे. पाणी? "फिल्टरचं." ओझं? "दोन मानसं." सपाटीला की चढावर? "सपाट. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं. दोन-दोन ट्रॉल्या लावत्यात, साइड भेटत न्हाई." एसी चालू होता का? "व्हय, चालू. धुळीनं काचा बंद ठेवाव्या लागत्यात." एवढा जाणकार माणूस मला तोपर्यंत भेटला नव्हता. मी त्यांचं प्रत्येक उत्तर जसंच्या तसं लिहून घेतलं.

कांताबाई मागच्या सीटवर बसून असायच्या. शिरूरला डॉक्टरांना दाखवायचं असलं की दोघं येता येता गॅरेजला थांबत. पायांना सूज, म्हणून त्या उतरत नसत. मी त्यांना चहा पाठवायचे. तीन वेळा पाठवला आणि तिन्ही वेळा कप तसाच परत आला. आमचा चहा त्यांना आवडत नसावा, असं मी समजले. मला थोडा रागही आला.

पहिल्यांदा आम्ही रेडिएटर साफ केला. गाडी परत गरम झाली. मग पाहिलं तर रस्त्यावरच्या कुणा मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढूनच टाकला होता. 'आपल्याकडं थंडी कुठं हाय, कशाला पायजे' असं म्हणून तो काढून टाकायची आमच्या भागात पद्धतच आहे. आम्ही नवा बसवला. तरी गरम. पंप बदलला. तरी गरम. दर वेळी रशीदभाई गाडी चालू करून, एसी पूर्ण लावून अर्धा तास उभी करायचे. एसीने इंजिनावर ताण येतो, म्हणून परीक्षा कडक. काटा मध्यावर. पंखा व्यवस्थित फिरतोय. गाडी उत्तम. मंगळवारी दौंडहून येताना पुन्हा वाफ.

मग मी कागद समोर घेऊन बसले आणि एकेक शक्यता खोडत गेले. रेडिएटर नाही, थर्मोस्टॅट नाही, पंप नाही, पंखा नाही. सगळं खोडल्यावर एकच उरलं, हेडचं गॅसकेट. इंजिनाच्या वरच्या भागाच्या, म्हणजे हेडच्या, आणि खालच्या भागाच्या मध्ये एक पातळ पत्रा असतो. तो फुटला की जळता वायू पाण्यात शिरतो आणि पाणी उकळतं. त्यात रेडिएटरला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीत दोन-चार बुडबुडे दिसले. झालं, पुरावाही मिळाला.

रशीदभाई म्हणाले, "वहिनी, पंप काढला तवा हवा शिरली, तिचे बुडबुडे हायेत ते. दोन दिवस थांबू."

मी म्हटलं, "रशीदभाई, दुसरं काही उरलेलंच नाही. कागद बघा."

"कागद बराबर हाय तुमचा. पन गाडीला कुठं वाचता येतं?"

आबा आमच्या दोघांकडे बघत होते. तोवर त्यांनी माझ्या भरलेल्या कागदावर कधी शंका घेतली नव्हती, तेव्हाही घेतली नाही. "खोला," म्हणाले.

इंजिन खोलणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम नव्हे. हेड काढून तपासायला बाहेर पाठवावं लागतं. तिथे रांग असते. आठ दिवस म्हटले होते, तेरा लागले. मी अण्णांना विचारलं, "तोवर कसं करणार?" ते म्हणाले, "करायचं काय? एसटी हाय की आपली." ते इतक्या सहज म्हणाले की मी पुढचं काही विचारलं नाही.

चौथ्या दिवशी रशीदभाईंनी ते गॅसकेट माझ्या टेबलावर आणून ठेवलं, खाली वर्तमानपत्र घालून. त्याला कुठेही चीर नव्हती. जळल्याची खूण नव्हती. आबा येऊन बघून गेले आणि "हं" म्हणाले. तुम्हाला तुमचे आबा फार बोलके वाटतात, म्हणून मुद्दाम सांगते.

नवं गॅसकेट घालून, सगळं जोडून गाडी परत दिली. हेड काढलंच होतं, तर घासूनही आणलं होतं. दोष तिथेच असेल, दिसला नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. शुक्रवार आला. पूल ओलांडला, पुढे उसाच्या ट्रॉल्या लागल्या, काटा वर गेला. कांताबाई तासभर रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसून होत्या. चार तास मशीनवर काढून आलेलं माणूस.

दुसऱ्या दिवशी दोघं शिरूरला आले. अण्णा बॉनेटपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "इकून टाकतो. ह्या गाडीचा आता भरवसा न्हाई." मागची काच खाली झाली.

"मॅडम," कांताबाई म्हणाल्या, "येक इच्यारू का?"

"विचारा ना."

"समदी म्हनत्यात, एसीनं गाडी गरम व्हती. मंग आमची एसी बंद केल्यावरच कशी गरम व्हती?"

अण्णा म्हणाले, "आगं, तू गप बस. तुला इंजनातलं काय कळतंय?"

"इंजनातलं न्हाई कळत. थंडीतलं कळतं. मशीनवरनं उठलं की माझं अंग गारठतं. दात वाजत्यात. गाडीत बसल्या बसल्या मी ह्यांना एसी बंद करायला लावते. येताना कवाच चालू नसतो."

मी अण्णांकडे बघितलं. "अण्णा, तुम्ही चालू म्हणाला होता."

"चालूच असतो की," अण्णा म्हणाले. "सकाळी निघताना मीच लावतो." मग कांताबाईंकडे बघून, "येताना न्हाई. ही म्हनती ते खरं हाय."

ते खोटं बोलले नव्हते. माझा प्रश्न होता, एसी चालू होता का? केव्हा, ते मी विचारलं नव्हतं. एसी लावणाऱ्याला विचारलं होतं, बंद करायला लावणारीला नाही. ती चार हातांवर बसलेली होती आणि मी तिला चहा पाठवत होते.

रशीदभाई तोवर ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले होते. त्यांनी गाडी चालू केली आणि पहिल्यांदाच एसी बंद ठेवला. आम्ही सगळे काट्याकडे बघत उभे राहिलो. काटा मध्यावर आला. मध्याच्या वर गेला. पंखा हलला नाही. अजून वर गेला. पंखा तसाच. रशीदभाईंनी खाली उतरून एका तारेने पंख्याच्या स्विचची दोन टोकं जोडली, आणि पंखा भर्रकन फिरला.

ते असं असतं. पंख्याला दोन हुकूम मिळतात. एसी लावला की एक हुकूम जातो, पंखा लगेच फिरतो. एसी नसेल तर रेडिएटरला लावलेला एक छोटा स्विच पाणी तापलेलं ओळखतो आणि दुसरा हुकूम देतो. तो स्विच मेला होता. सकाळी जाताना एसी चालू, पंखा चालू, गाडी गार. येताना एसी बंद, ट्रॉल्यांमागे वारा नाही, पंखा नाही. आणि आम्ही दर वेळी परीक्षा कडक व्हावी म्हणून एसी लावत होतो, म्हणजे दोषावर स्वतःच पांघरूण घालत होतो. स्विच माझ्या अंगठ्याएवढा होता. अर्ध्या तासात बदलून झाला.

रशीदभाई पंखा बंद करत म्हणाले, "वहिनी, आपन सगळे एवढे जाणते. आन् गाडी दुरुस्त केली कांताबाईंनी."

"मंग मजुरी कुनाला?" कांताबाईंनी आतून विचारलं. रशीदभाई हसले. अण्णा हसले नाहीत. ते काच पुसत होते.

मी गाडीच्या मागच्या दारापाशी गेले. सवयीने विचारलं, "चहा घेता का?"

"नगं, मॅडम. मला पानी मोजून असतं. चहा, आमटी, समदं त्यातच." त्यांनी पिशवीतून एक स्टीलचा पेला काढून दाखवला. आत एक रेघ मारलेली होती. "गाडीला म्हनता पानी घाला, पानी घाला. आन् मला म्हनत्यात पिऊ नका. दोघींचं दुखणं येकच, पन डाक्टर निराळे."

तेव्हा मला ते परत आलेले तीन कप आठवले. मग मी विचारलं, ते तेरा दिवस कसे गेले? त्यांनी सांगितलं. न्हावऱ्याहून दौंडला थेट गाडी रोज वेळेवर मिळत नसे. जाताना दोन बस, येताना दोन. थंडी वाजत असताना खिडकीला काच नसलेल्या जागेवर बसून यायचं. एका शुक्रवारी बस आलीच नाही आणि मशीनची पाळी चुकली. शनिवारपर्यंत पायांची सूज मांड्यांपर्यंत चढली, श्वास लागायला लागला, आणि रविवारी कुणाची तरी जीप मागून न्यावं लागलं.

"अण्णांनी सांगितलं नाही," मी म्हटलं.

"त्यांनी काय सांगायचं?" त्या म्हणाल्या. "तुम्ही तरी कुठं इच्यारलं?"

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. रागाने म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सोमवारी मी छापखान्यात गेले. चौदा प्रश्नांचे दीडशे कागद शिल्लक होते, ते रद्दीत दिले. नवीन कागदात नववा प्रश्न जाताना आणि येताना असा दोन भागांत केला. आणि पंधरावा प्रश्न घातला: गाडीत आणखी कोण बसतं? त्यांना विचारलं का? छापखान्याचे मालक म्हणाले, "मॅडम, ह्ये गाडीचं हाय का जनगणनेचं?" मी म्हटलं, गाडीचंच.

त्या पंधराव्या प्रश्नाने नंतर बरंच मिळालं. ब्रेकचा आवाज पहिल्यांदा कुणाला ऐकू येतो, तर मागे झोपलेल्या सासूबाईंना. डिझेलचा वास कुणाला येतो, तर शाळेतल्या मुलीला. गाडीच्या मालकाला यातलं काही येत नाही. त्याला फक्त गाडी कितीला घेतली ते माहीत असतं.

कांताबाई त्यानंतर अडीच वर्षं दौंडला जात होत्या. गाडी त्यांना घेऊन एकदाही रस्त्यात थांबली नाही. एवढं मी खात्रीने लिहू शकते, कारण मी दर सर्व्हिसिंगला विचारत होते, आणि त्यांनाच विचारत होते. चहा मी पाठवत नसे. जाऊन बसत असे. एकदा त्यांनी मला विचारलं, "मॅडम, तुम्ही शिकल्याल्या, मंग गॅरेजात कशा?" मी म्हटलं, प्रश्न विचारायला. त्या म्हणाल्या, "आता बरं इच्यारता."

माझ्याकडे तशी प्रमाणपत्रं बरीच आहेत. ती कपाटात कोणत्या खणात आहेत तेही मला माहीत आहे. त्यांच्यात हे वाक्य नाही, म्हणून इथे लिहून ठेवलं.

कांताबाई गेल्यावर दोन महिन्यांनी अण्णा एकटेच गाडी घेऊन आले. सर्व्हिसिंगची वेळ झाली होती. आता गॅरेज रशीदभाईंचा मुलगा बघतो, रशीदभाई सवयीने येतात. मुलाकडे दोष दाखवणारा स्कॅनर आहे, तरी कागद मी भरते, आठवड्यातून दोन दिवस जाऊन. मी कागद काढला आणि पहिल्यापासून विचारत गेले. अण्णा पूर्वीसारखी खाडखाड उत्तरं देत नव्हते. प्रत्येक प्रश्नाला थांबत होते, आठवून सांगत होते.

"एसी? जाताना?"

"बंद."

"येताना?"

"बंद. आता लावतच न्हाई. सवय मोडली."

बाहेर चांगलं ऊन होतं. अण्णांच्या सदऱ्याची पाठ भिजलेली होती. मी दोन्ही रकान्यांत 'बंद' लिहिलं. पंधराव्या प्रश्नाशी आले आणि तो न विचारता पुढे जावं असं वाटलं. पण नियम माझाच होता.

"गाडीत आणखी कोण बसतं?"

अण्णा मागच्या सीटकडे बघून म्हणाले, "कुनी न्हाई."

मी तसं लिहिलं. रशीदभाईंनी गाडी चालू केली आणि बॉनेट उघडं ठेवून बाजूला उभे राहिले. आम्ही तिघं काट्याकडे बघत थांबलो. काटा हळूहळू वर आला, मध्यावर पोहोचला, आणि पंखा आपला आपण सुरू झाला.